मनोहरकाकांचं बोट

मिनेसोटात मराठी लग्न ठरलं की हॉल, केटरर आणि मनोहरकाका अशी तीन बुकिंग लगोलग करावी लागतात. हॉल आणि केटरर कधीकधी नाही म्हणतात. मनोहरकाका कधीच नाही म्हणत नाहीत, आणि त्याचाच नंतर लोकांना पश्चात्ताप होतो.

मनोहर वझलवार मूळचे नागपूरचे. तरुणपणी शिकायला म्हणून बेचाळीस अंशांतून निघाले आणि थेट उणे तिसांत येऊन पडले. पुढे काउंटीच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढला. पण त्यांना इंजिनिअर म्हणून ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. इथल्या प्रत्येक मराठी लग्नाची मंगलाष्टकं ते लिहितात. मुलाचं नाव, मुलीचं नाव, दोन्हीकडची आजोळं, सगळं त्यात येतं आणि सगळं शार्दूलविक्रीडितात बसतं. ज्यांना शाळेतलं आठवत नसेल त्यांच्यासाठी: एका ओळीत एकोणीस अक्षरं, कुठलं लघु आणि कुठलं गुरू ते आधीच ठरलेलं, आणि बाराव्या अक्षरावर श्वास घ्यायचा. मला स्वतःला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काकांच्या शेजारी घर घेतल्यावर कळायला लागलं, कारण आमच्या दोन्ही घरांचा बर्फ एकाच वेळी काढायचा असतो आणि काका फावडं मारताना गण मोजतात.

लिहून थांबतील तर ते काका कसले. मंगलाष्टक म्हणायला नातेवाइकांत चढाओढ असते आणि नातेवाईक कसे गातात ते तुम्हाला माहीत आहे. कुणी अक्षर गिळलं की काकांच्या उजव्या हाताची तर्जनी वर जाते. गाणाऱ्यानं थांबायचं. मग काका म्हणतात, "परत." टेक्सासमध्ये अर्विंगला ओळखीतल्या संग्रामच्या लग्नात त्यांनी मुलीच्या मामाला एकच ओळ तीनदा म्हणायला लावली. मामा मोठा हार्ट स्पेशालिस्ट, घामाघूम झाला. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात लटपटायला लागले. संग्राम हार घेऊन नुसता उभा. त्या लग्नाचा व्हिडिओ अजून फिरतो, आणि त्यात नवरानवरीपेक्षा काकांचं बोटच जास्त दिसतं.

"यांना लग्नाला बोलावतात की परीक्षेला, तेच कळत नाही," असं वीणाकाकू म्हणतात. वीणाकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. त्या फार बोलत नाहीत, पण एक वाक्य बोलल्या की काकांना दिवसभर पुरतं.

तर अशा या काकांच्या नातीचं लग्न ठरलं. अनुष्का त्यांची एकुलती एक नात, त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. मुलगा अँडर्स, नॉर्वेहून आलेल्या घराण्यातला, उंच, भिडस्त आणि चहात साखर जास्त घालणारा. काकांना तो पसंत होता. मंगलाष्टकं तर साखरपुड्याआधीच लिहून झाली होती.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खायला गेले, तर अनुष्का डोळे लाल करून बसली होती.

"आजोबा, बोर्गहिल्ड येणार नाही म्हणते. शी जस्ट सेड नो."

बोर्गहिल्ड म्हणजे अँडर्सची आजी, वय अठ्ठ्याऐंशी. अँडर्सची आई तो लहान असतानाच वारली आणि त्याला वाढवलं ते या आजीनं. म्हणजे ती आली नाही तर मुलाच्या बाजूनं आईच आली नाही असं होणार. अनुष्काला ती हवीच होती. "अँडर्स म्हणतो इट्स ओके," ती म्हणाली, "पण ते ओके नाहीये. मी त्याचा चेहरा पाहिलाय ना."

"पण काहून नाही येणार?" काकांनी विचारलं. "आपण काही चुकलो का?"

मग अनुष्कानं सांगितलं. त्यांच्या आजीच्या गावाकडे लग्न म्हटलं की घरातल्या कुणीतरी गाणं रचायचं असतं. चाल ओळखीची, शब्द नवे. त्यात नवरानवरीची नावं, त्यांच्या खोड्या, त्यांना आशीर्वाद. कागद वाटतात आणि सगळे मिळून गातात. अँडर्सचे आजोबा निल्स ही गाणी रचायचे, सगळ्या गोतावळ्याची. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर घरात दोन लग्नं झाली, दोन्हींत डीजे होता आणि गाणं नव्हतं. आजीला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि येणारा जाणारा विचारायचा, थंडी वाजत नाही ना. आजीनं सांगून टाकलं: बिनगाण्याच्या लग्नांना दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा जाणार नाही.

काका ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकले होते.

"वीणा, ऐकलंस? यांच्यात मंगलाष्टकं असतात!"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "आता तुम्ही नॉर्वेजियन शिकणार."

आणि शिकले. दर शनिवारी सकाळी मी काकांना गाडीत घालून तासाभरावरच्या बोर्गहिल्डच्या गावी न्यायचं असं ठरलं, कारण काकूंनी त्यांचं फ्रीवेवर गाडी चालवणं बंद केलं होतं. मला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, काका कुणाकडून तरी शिकताना कसे दिसतात ते.

बोर्गहिल्डचं घर लहान, पिवळं, तळ्याकाठी. ती दारात उभी होती, पाठ ताठ, हातात कणकीचं लाटणं. काका तिला पहिल्या भेटीतच ताई म्हणाले, कारण आपल्याहून मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला त्यांची जीभ वळेना. तिला वाटलं ही काही पदवी आहे. तिनं ती ठेवून घेतली.

"मी येते असं म्हटलेलं नाही," तिनं दारातच सांगितलं. "कॉफी मात्र देईन."

काकांनी डब्यातून चिवडा काढला आणि विचारलं, "ताई, तुमच्याकडे लांब शब्द किती?"

हा प्रश्न तिला फार आवडला. चार वर्षांत तिला असं कुणी काही विचारलंच नव्हतं.

मला वाटलं होतं काका वाक्यं शिकतील, आपण कसे आहात वगैरे. छे! काकांनी शब्द फोडायला घेतले. ती भाषा सगळी जोडकामाची. दोन शब्द चिकटवून तिसरा, त्याला आणखी एक चिकटवून चौथा. दंतवैद्य तसा तान्लेगे, दात आणि बरं करणारा. रुग्णालय तसं स्यूकेहूस, आजाऱ्यांचं घर. नातवंड म्हणजे बार्नेबार्न, लेकराचं लेकरू. काकांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "अगं रेणू, हे तर समास आहेत! हिनं विग्रह करून दाखवले बघ!" पुढे उपसर्ग निघाले. ल्युक्के म्हणजे सुख आणि त्याच्या आधी नुसता ऊ लावला की अपघात. साम म्हणजे आपला सह किंवा सम्. ताले म्हणजे बोलणं, तर सामताले म्हणजे संवाद. काका उठून फेऱ्या मारायला लागले. बोर्गहिल्डताईंनी त्यांना खाली बसवलं, कारण फरशी नुकतीच पुसली होती.

पण इथेच एक घोळ झाला, आणि तो शार्दूलविक्रीडितात जन्म घालवलेला माणूसच करू जाणे. शब्द सुटा वाचताना काका ठीक वाचायचे. वृत्तात घालून म्हणायला लागले की त्यांच्या जिभेला संस्कृतची सवय आडवी यायची. सहकार्याला ते लोक सामआर्बैड म्हणतात. साम संपला, किंचित थांबा, मग आर्बैड. काका मात्र म्हणायचे सा-मार-बैड. म चा पाय पुढच्या आ मध्ये अडकलाच पाहिजे, सम् आणि आचार यांचा समाचार होतो तसा. ताई लाटण्यानं टेबलावर ठोकायच्या.

"कोंबडी कशी कापता तुम्ही? सांध्यावर की हाडावर?"

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आयुष्यात कोंबडी कापलेली नाही, खाल्लेलीही नाही.

"सांध्यावर!" ताईंनीच उत्तर दिलं. "शब्दही तिथेच तोडायचा. पुढचा तुकडा पुढे, मागचा मागे."

"आमच्याकडे शेजारी आले की एकमेकांत मिसळून जातात," काकांनी आपली बाजू मांडली.

"आमच्याकडे तीस वर्षं शेजारी राहिले तरी मध्ये कुंपण असतं," ताई म्हणाल्या. "आणि चांगलं असतं."

मला हसू आवरेना. लोकांना परत म्हणायला लावणारा हा माणूस त्या शनिवारी तोच शब्द कितीतरी वेळा परत म्हणत होता. दर वेळी लाटणं खाली येत होतं आणि दर वेळी काका निमूटपणे पहिल्यापासून सुरू करत होते.

एकदा असंच कॉफीवर काकांनी नवा शब्द फोडला. "सामबूएर. साम म्हणजे सह. बूएर म्हणजे राहणारा. सहनिवासी! धर्मशाळेत राहतात तसे का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "लग्न न करता एका घरात राहतात ते. अनुष्का आणि अँडर्स दोन हिवाळे आहेत ना, तसे."

मी खिडकीबाहेर तळ्याकडे पाहायला लागले. काकांनी कॉफीचा कप उचलला, सगळा संपवला, आणि म्हणाले, "शब्द चांगला आहे." परतीच्या वाटेवर त्यांनी चिवड्याचा रिकामा डबा उघडून परत बंद केला. मग म्हणाले, "वीणाला सांगू नकोस, तिला लागेल." मी नाही सांगितलं. काकूंनी त्या दोघांच्या घराचे पडदे स्वतः शिवले होते हेही मी काकांना सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी काकांचं कडवं तयार झालं. त्यांनी ते कसं लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. अर्धी ओळ भरून जाईल असे एकेक समास. मराठीत सांगायचं तर विवाहसौख्यशुभेच्छा वगैरे, एका दमात. लघु गुरू सगळं चोख. काकांनी ते उभं राहून म्हटलं आणि शाबासकीची वाट पाहत राहिले.

ताईंनी लाटणं खाली ठेवलं. "बरोबर आहे. चूक एकही नाही."

"मग?"

"काउंटीकडून नोटीस आल्यासारखं वाटलं. आमच्यात असं कुणी कुणाला म्हणत नाही, मनुहर. निल्सची गाणी ऐकून लोक हसायचे. मग बायका डोळे पुसायच्या. मग जेवायचे."

काकांना ते लागलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, त्यांना कवितेबद्दल कुणी काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी डबा उचलला, नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले. पुढच्या शनिवारी मी गाडी काढली तर ते अंगणात आलेच नाहीत. अनुष्काचा फोन आला, "रेणूमावशी, आजोबा रुसलेत का? बोर्गहिल्ड विचारतेय, मनुहर कधी येणार? ताई वाट बघतेय असं सांग म्हणाली."

मी त्यांच्या घरी गेले. काका खिडकीशी बसले होते. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, "काका, अर्विंगच्या त्या मामानं एक ओळ तीनदा म्हटली तुमच्यासाठी, पाहुण्यांसमोर. तुम्हाला एकदा परत लिहायला सांगितलं तर एवढं?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "त्या ताईंना सांग रेणू, यांचं आता वय झालं, परत म्हणवत नाही."

काका उठले आणि बूट घालायला लागले.

त्या दिवशी त्यांनी ताईंना पहिल्यांदाच शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या लग्नाच्या दिवशी काय झालं होतं?" ताई बोलायला लागल्या. त्यांच्या बेटावर आठवडाभर पाऊस होता. होड्या निघत नव्हत्या, पाद्री पलीकडे अडकला होता. आणि लग्नाच्या सकाळी लखलखीत ऊन. निल्सनं दार उघडलं आणि एकच शब्द म्हणाला, सूलशिन्सदाग. सूर्य, प्रकाश, दिवस. उन्हाचा दिवस.

काकांची बोटं मांडीवर हलली. सूल, शिन्स, दाग. तीन गुरू, एकापाठोपाठ एक. शार्दूलविक्रीडिताची ओळ सुरूच तीन गुरूंनी होते.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या निल्सनं माझी पहिली ओळ लिहून ठेवली आहे."

पुढचं कडवं छोट्या शब्दांचं झालं. ऊन, होडी, दार, कॉफी. अँडर्सचा विसरभोळेपणा आणि अनुष्काचं सगळीकडे उशिरा पोचणं. ताईंनी मंगलाष्टकांची चालही शिकून घेतली. चर्चमध्ये आयुष्यभर गायलेल्या बाई त्या, दोन शनिवारांत त्यांना ती काकांपेक्षा बरी यायला लागली. काका बोट वर करायचे आणि त्या बरोबर थांबायच्या. मग लाटणं खाली यायचं आणि काका थांबायचे. असा त्यांचा हिशोब बरोबरीचा होता.

"मग लग्नाला येणार ना?" शेवटच्या शनिवारी काकांनी विचारलं.

"वी फोर से," ताई म्हणाल्या. म्हणजे, बघू.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "आपल्यात बघू म्हणजे नाही." नॉर्वेत बघू म्हणजे काय ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. अँडर्सला विचारलं तर तो म्हणाला, ती डॉक्टरलाही बघूच म्हणते, आणि अर्ध्या वेळा जाते.

लग्न जूनमधलं, तळ्याकाठच्या हॉलमध्ये. श्रीराम गुरुजी, जे सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात, त्यांनी मुहूर्ताची वेळ झाल्याचं दोनदा सांगितलं. नवऱ्याकडच्या पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. अनुष्का अंतरपाटामागे मान खाली घालून उभी होती आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होती. अँडर्स मुळीच बघत नव्हता. पहिली तीन कडवी झाली, अक्षता पडल्या. काकांचं नॉर्वेजियन कडवं आता आलं. ते उभे राहिले, घसा खाकरला, आणि दार उघडलं.

ताई आल्या. जूनच्या उकाड्यात अंगावर त्यांच्या बेटावरचा लोकरी पोशाख, छातीवर चांदीची पदकं. रिकाम्या खुर्चीकडे त्या गेल्या नाहीत. दाराशीच थांबल्या, हात बांधून. अजून बघूच चाललं होतं बहुधा.

काकांनी सुरुवात केली. सूलशिन्सदाग. सांध्यावर तोडलेला, प्रत्येक तुकडा जागच्या जागी. अँडर्सकडच्या बायका आधी चमकल्या, मग होडीच्या ओळीला हसल्या, मग पर्सा उघडून रुमाल काढायला लागल्या. सावधान झालं. आमच्या लोकांनी अक्षता टाकल्या. गुरुजी शेवटचं कडवं सुरू करणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा. एक माझं आहे."

त्या चालत पुढे आल्या आणि काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. काकांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. ताईंनी गायला सुरुवात केली, आपल्या भाषेत आणि आमच्या चालीवर. आवाज थोडा कापत होता, पण ठेका पक्का. पहिली ओळ बसली, दुसरी बसली. काकांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता, त्यांच्याही नकळत. तिसरी ओळ लांबली. एक अक्षर जास्त झालं.

काकांचं बोट वर गेलं.

ताई थांबल्या. शनिवारची सवय. हॉलमधले सगळे मराठी लोक श्वास रोखून बसले, कारण ते बोट सगळ्यांच्या ओळखीचं होतं. काकूंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ही बाई वळणार आणि आली तशी निघून जाणार, आणि याला कारण काकांचं हे मेलं बोट. अंतरपाटामागून अनुष्का हळूच म्हणाली, "आजोबा, प्लीज."

"परत," काका म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हनुवटी वर केली. आणि तिसरी ओळ परत म्हटली, पहिल्यासारखीच, तेच जास्तीचं अक्षर घेऊन. या वेळी त्यांनी ते घाईत उरकलं नाही. उलट त्यावर थांबून ते पूर्ण म्हटलं, इतकं स्वच्छ की नॉर्वेजियन न येणाऱ्या आम्हालाही ऐकू आलं. निल्स.

काकांचं बोट तसंच हवेत होतं. मग ते हळूहळू खाली आलं.

"बरोबर," काका म्हणाले. माझ्यासमोर ते चुकीच्या ओळीला बरोबर म्हणाल्याचं हे पहिलंच. ताईंनी चौथी ओळ म्हटली. सावधान मात्र या वेळी सगळ्यांनी मिळून म्हटलं, नॉर्वेकडच्यांनीही, आणि पहिली अक्षत काकांनी टाकली. अंतरपाट दूर झाला तेव्हा अँडर्स लहान मुलासारखा रडत होता आणि ताई पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत बसून लोकरी पोशाखाचं वरचं बटण काढत होत्या.

जेवायला बसल्यावर मला राहवेना, पण विचारलं काकूंनीच. जिलबी वाढता वाढता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"काय हो, वीस झाली ना ती ओळ?"

"वीस झाली," काका म्हणाले.

"मग बरोबर कशी?"

काकांनी पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे ताई अनुष्काच्या हातावरची मेंदी चष्मा लावून बघत होत्या. काका एकदम चिडले.

"मग काय त्याला बाहेर उभं ठेवायचं?"